मोठ्या बाईंची दुपारची झोप

परवा व्हिडिओ कॉलवर तू कपाळाला हात लावून बसली होतीस. तुझ्या टोरांटोच्या ऑफिसात कामाची नवी पद्धत आणायची जबाबदारी तुझ्यावर टाकलीय, मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी जो तो आपलं जुनंच करत बसतो, असं म्हणालीस. त्यावर तुझा धाकटा भाऊ आयर्लंडहून मध्येच तोंड घालून म्हणाला, "आजीला काय विचारतेस? आजी मंडळात भजी तळते." त्याला सांगायचं एवढंच, की भजी आम्ही तळत नाही. आमच्या गिऱ्हाइकांना तळकट सोसत नाही, त्यातल्या निम्म्यांना दातही नाहीत. तुला सांगायचं ते मात्र जरा लांबलचक आहे, म्हणून लिहून पाठवतेय. मराठीतच. हळूहळू वाचा, तुम्हाला काही जीप पकडायची नाहीये.

तुझ्या ऑफिसची मुख्य अडचण मला दिसते ती अशी, की तिथे मीटिंगच्या खोलीबाहेर चपला काढायची पद्धत नाही. हसू नकोस. पुढे कळेल.

आपल्या भिसेगावातलं महिला मंडळ तुम्ही पाहिलंय. पत्र्याचा हॉल, मागे स्वयंपाकघर, बाजूला ओटा. धाकट्याने तिथल्या पंख्याची सगळी बटणं एकदम दाबून फ्यूज उडवला होता, तेच. या मंडळाने पुष्कळ वर्षं रांगोळीच्या स्पर्धा घेतल्या आणि 'आजची स्त्री' या विषयावर भाषणं ऐकली. आजची स्त्री तोवर कालची झाली, तरी भाषण तेच. मग मंडळाच्या अध्यक्षबाईंना शेजारच्या आळीतले एक म्हातारे गृहस्थ चहा-बिस्किटांवर दिवस काढताना दिसले. मुलगा पुण्याला, बायको वारलेली. अध्यक्षबाईंनी दुसऱ्या दिवशी स्वतःचा कुकर मंडळात आणून ठेवला आणि डबे सुरू केले. दुपारी आणि संध्याकाळी, घरपोच. मंडळाने आजवर केलेलं हे एकमेव उपयोगी काम. संध्याकाळचा डबा मीसुद्धा घेते. तुमच्या बाबाला बोलू नका, तो लगेच 'आई, तू इकडेच ये' सुरू करेल.

या अध्यक्षबाईंना सगळे 'मोठ्या बाई' म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे, उंची माझ्याहून वीतभर जास्त, आवाज पोस्टापर्यंत जाईल असा. मला त्यांनीच सचिव केलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "तू इंग्रजी शाळेत वेळापत्रकं लावायचीस ना? मग आमचंही लाव." खरं कारण असं, की नगरपालिकेला इंग्रजीत अर्ज केला की तो लवकर वाचतात असा मंडळाचा समज आहे.

आता जिच्यामुळे हे सगळं घडलं तिच्याबद्दल. डब्याच्या भाकऱ्या करायला जी येते ती कशेळ्याच्या पुढच्या, डोंगराखालच्या एका वाडीवरची. पस्तिशीची असेल. तांदळाची भाकरी अशी थापते की बघत राहावं, आणि बोलते अशी की बघत राहायची सोय नाही. मी तुम्हाला लिहिणार म्हटल्यावर तिला विचारलं, "तुझं नाव घालू का?" तर म्हणाली, "नको बाय. तिकडं बरफात माजं नाव कशाला गारठवता?" म्हणून घालत नाही.

ती सकाळी जीपने येते. आपल्या कर्जत स्टेशनापासून कशेळ्याकडे या जीप जातात, माणसं भरली की सुटतात. संध्याकाळची शेवटची जीप अंधार पडायच्या आत निघते, कारण पुढे रस्त्यावर दिवे नाहीत आणि जीपवाल्याला रिकामं परत यायचं नसतं. कशेळ्याला उतरलं की तिला वाडीपर्यंत चालायचं असतं. उन्हाळ्यात दिवस मोठा, तेव्हा ती कशीबशी मागच्या पायरीवर लटकून जायची. गणपती झाले, दिवस आखडायला लागला, आणि तिची जीप चुकायला लागली. मग कधी विटांचा टेंपो, कधी कोणाची मोटारसायकल, कधी नुसतेच पाय.

एक दिवस मी वाल सोलत बसले होते. ती समोर पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "मास्तरीणबाय, दिवाळीपातूर हाय मी. मंग नाय."

"का गं? काय झालं?"

"साजगावला कंपनीत प्याकिंगला बाया घेतायत. त्यांची गाडी कशेळ्यापातूर सोडते. उजेडात."

"मग इथे काय कमी आहे तुला?"

"उजेड," ती म्हणाली.

घरी तिची आठ वर्षांची मुलगी आणि डोळ्यांनी अधू सासरा. नवरा सध्या मजुरीवरून रात्री उशिरा येतो, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणार तो पावसाळ्यालाच परतणार. "पोरगी शाळेतनं येते नि वट्यावर बसते. सासऱ्याला दिसत नाय, तिला भ्या वाटतं. दोगं एकमेकाला धरून बसतात मी येईपातूर. परवा तं मला वळखलीच नाय. वाटंवर कोन आलं म्हनून दार लावून घेतलं पोरीनं. माज्याच घरचं दार मलाच वाजवाया लागलं."

मी म्हटलं, "आणि संध्याकाळचा स्वयंपाक दुपारीच उरकला तर?"

"उरका की. मी कुठं नाय म्हंते? दुपारभर हितंच तर पडलेली असते."

हे मात्र खरं होतं. दुपारचे डबे गेले की मोठ्या बाई स्वयंपाकघराला कुलूप घालून किल्ली घेऊन घरी जायच्या. फार वर्षांपूर्वी एका मांजराने आत शिरून दुधात तोंड घातलं होतं. ते मांजर केव्हाच मेलं, कुलूप राहिलं. मग मोठ्या बाई दुपारची झोप आणि चहा आटोपून साडेचारच्या पुढे यायच्या, तेव्हा कुलूप निघायचं. तोवर ही बाई हॉलच्या ओट्यावर पदर डोक्याखाली घेऊन पडायची आणि आत पीठ डब्यात पडून असायचं. दोघांच्या मध्ये एक कुलूप.

"तुमच्याच्यानं व्हायाचं नाय पर," तिने वरून जोडलं.

असं कोणी म्हटलं की माझ्यातली वेळापत्रकवाली जागी होते. मी घरी जाऊन मोठा कागद घेतला, पट्टी घेतली, तीन रंगांची पेनं घेतली. तीन वाजता कुलूप निघणार. पाचला डबे भरलेले. सहाच्या आत घरोघर पोचलेले. डब्यांच्या मदतीला प्रत्येक बाईचा वार होता तसाच ठेवला. किल्लीपुढे 'मोठ्या बाई' असं निळ्या शाईत लिहिलं आणि पुढच्या ओळीला लागले. जणू निळ्या शाईत लिहिलं की किल्ली आपल्या पायांनी चालत येते.

मंडळाची सभा झाली. मोठ्या बाई मधल्या खुर्चीत, बाकी आम्ही सतरंजीवर. मी कागद भिंतीला लावून समजावलं. सगळ्या म्हणाल्या, छान आहे. एक म्हणाली, रंगसंगती छान आहे. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही ठरवाल तसं करा." खजिनदारबाईंनी अनुमोदन दिलं, टाळ्या झाल्या, मी ठराव सर्वानुमते मंजूर असं लिहून टाकलं आणि खिडक्या लावून, पंखे बंद करून, रिकाम्या हॉलला एकदा समाधानाने बघून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ओट्यावर ती, दाराला कुलूप, आणि दुसरं कोणी नाही. पावणेपाचला मोठ्या बाई आल्या, त्यांच्यामागे ज्या बाईचा वार होता ती ज्येष्ठमधाची काडी चघळत आली, आणि मंडळ होतं तिथून सुरू झालं. आमच्या मंडळातल्या बायका बारा महिने ज्येष्ठमध चघळतात. मला वाटायचं, भजनासाठी गळा सांभाळतात. त्यांचं भजन ऐकल्यावर तसं वाटायला नको होतं.

आठवडाभर असंच. मी एकेकीला गाठलं. खजिनदारबाई म्हणाल्या, "अहो, गार डबा कोण खाईल?" मी माझ्या घरची जाड झाकणाची भांडी आणली. मग म्हणाल्या, "दुपारी उकड नीट येत नाही, हवा कोरडी असते." मी पाणी जास्त घालून दाखवलं. मग म्हणाल्या, "दुपारचा गॅस मंद जळतो." आमच्याकडे सिलिंडर आहे. सिलिंडरलाही दुपारची झोप लागते की काय, असं मी विचारलं, त्यावर त्या माझ्याकडे जरा चमकून बघायला लागल्या. त्या वेळी मला त्याचा अर्थ कळला नाही.

शेवटी म्हणाल्या, "डबे घेणाऱ्यांचं काय? त्यांना विचारलंत?" म्हणून मी त्या पहिल्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे गेले. ते दारातच कडाडले.

"सहाला जेवायला मी काय तुरुंगात आहे?"

"डबा सहाला येईल. जेवा तुम्ही आठला. त्याला झाकण असतं."

"झाकण असलं की उघडून बघावंसं वाटतं. बघितलं की खाल्लं जातं."

"मग खा."

"मग आठला काय करू?"

"झोपा."

"मी आठला झोपलो तर पहाटे तीनला उठेन. तीनला उठून काय करू?"

या माणसाचा दिवस असा ओढत ओढत मी परत दुपारपर्यंत आणला असता, तर आम्ही दोघंही दमलो असतो. मी सरळ त्यांना सांगितलं, की भाकरीवाली जीप चुकते, तिची लहान मुलगी अंधारात बसते, आणि दिवाळीनंतर ती साजगावला गेली तर तुम्हाला पुन्हा चहा-बिस्किटं. त्यांचा आवाज खाली आला. मग म्हणाले, "आधी सांगायचं. सहाला आणा. पण 'डबाऽऽ' अशी आरोळी मारू नका, तुरुंगासारखं वाटतं."

म्हणजे खाणाऱ्यांची ना नव्हती. मी पुन्हा सभा बोलावली. पुन्हा सगळ्या छान म्हणाल्या. तोच ठराव दुसऱ्यांदा सर्वानुमते मंजूर झाला. जगात एकमताने दोनदा मंजूर होऊन एकदाही न पाळलेले ठराव किती असतील याचा मी विचार करत खिडक्या लावल्या, दाराशी आले, आणि बघते तो माझे सँडल जागेवर नाहीत.

म्हणून त्या दिवशी मी हॉलच्या दाराआड अनवाणी उभी राहिले. एरवी मी बाहेर आले की पायरीवरच्या बायका 'येतो हं' म्हणून निघायच्या. म्हणजे मला तसं वाटायचं. त्या दिवशी कळलं की सभा संपली, मोठ्या बाईंना एकीने घरी पोचवायला नेलं, की उरलेल्या बायका पायऱ्यांवर चपला शोधतात, आणि तो शोध सभेपेक्षा जास्त वेळ चालतो. कोणी पायाने चप्पल उलटी-सुलटी करत असते, कोणी बंद लावत असते, कोणी एक पाय चपलेत आणि एक बाहेर ठेवून सगळ्या भिसेगावाचा निकाल लावते. आणि मंडळाचं जे काय ठरतं, ते तिथे ठरतं.

"हिला कोण सांगणार?" खजिनदारबाईंचा आवाज.

"सांगायचं काय? तीनला कोणी तरी जाऊन खोका म्हणावं."

"भर झोपेत खोकायचं? ज्या दिवशी माझा वार असेल त्या दिवशी मी माहेरी."

"अगं, तुझं माहेर या गल्लीत आहे."

"असू दे. तरी मी माहेरी."

"साडेचारला खोकायचं तरी मी आधी देवाचं नाव घेते. मागे त्या कुरियरवाल्याने दुपारी बेल वाजवली होती. पुन्हा दिसला का तो?"

"त्याची बदली झाली."

"बदली कशाने झाली ते विचार ना."

"त्यापेक्षा दुसरी किल्ली करून घेऊ."

"माग तू. 'बाई, दुसरी किल्ली द्या' म्हटलंस की त्यांना ऐकू येईल, 'बाई, तुम्ही आता किती दिवस?'"

एवढं ऐकून मी बाहेर आले.

"अय्या! तुम्ही अजून इथेच?"

"माझे सँडल कोणी घातलेत?"

सगळ्यांनी खाली बघितलं. खजिनदारबाई माझ्याच सँडलात उभ्या राहून माझ्या योजनेचं वर्षश्राद्ध घालत होत्या.

मी पायरीवर बसले. म्हटलं, "बसा सगळ्या. आता खरी सभा." हळूहळू सगळं बाहेर आलं. रोज साडेचारला, जिचा वार असेल तिने मोठ्या बाईंना घरून आणायचं असतं, कारण त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून त्या एकट्या येत नाहीत. पण बेल वाजवायची नाही. फाटकाबाहेर उभं राहून खोकायचं. बाई जाग्या असतील तर आपण होऊन बाहेर येतात. नसतील तर आणखी खोकायचं. हा नियम कोणी केला? कोणालाच माहीत नव्हतं. जी सगळ्यात जुनी होती ती म्हणाली, मला माझ्या आधीच्या बाईने सांगितलं. आधीची बाई आता डोंबिवलीला सुनेकडे असते. म्हणजे भाकरी, आमटी, जाड झाकणाची भांडी, वाडीवरची ती मुलगी, सगळं एका झोपेभोवती फिरत होतं, आणि त्या झोपेला हात लावायची कोणाची छाती नव्हती. गॅस मंद जळतो म्हणे!

"उद्या मी जाते उठवायला," मी म्हटलं.

"तुम्ही?" खजिनदारबाई माझे सँडल काढून देत म्हणाल्या. "इंग्रजीत उठवणार की काय?"

ओट्याच्या टोकाला भाकरीवाली जीप चुकल्याच्या तयारीत बसली होती. ती उठली. "मी येते संगं. मारतील तं दोगींना मारतील."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी निघालो. दसरा होऊन गेला होता आणि ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा जागा बदलायला आळस करत होती. मोठ्या बाईंच्या फाटकाशी मी थांबले. घर शांत. खिडकीला पडदा. माझा घसा आपोआप खाकरला गेला.

"आता तुमी बी?" ती म्हणाली. फाटक उघडून ती सरळ दारापाशी गेली आणि बेलकडे बोट दाखवून उभी राहिली. "दाबा बाय. बटन हाय, इंचू नाय."

मी दाबलं.

दार इतक्या चटकन उघडलं की मी एक पायरी मागे आले. मोठ्या बाई फुलाफुलांच्या गाऊनमध्ये, चष्मा कपाळावर, हातात मोबाइल. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "थांब, थांब, माझी शेवटची सोंगटी घरात चाललीय." मोबाइलवर ल्युडोचा फासा खुळखुळला. "गेली! मेल्या सुरतच्या, बस आता बोंबलत." मग चष्मा खाली घेतला. "तुम्ही दोघी? कोण गेलं?"

"कोणी नाही, बाई. तुम्ही... झोपला नव्हता?"

"दुपारी? दुपारी झोपले तर रात्रभर छताकडे बघत बसेन. मी दुपारची झोप सोडून वर्षं झाली."

"मग साडेचारपर्यंत?"

"साडेचारपर्यंत तुम्ही कुठे येता? मी आपली पावडर लावून, किल्ली हातात घेऊन बसलेली असते. मग ती बाहेर येऊन खोकते. रोज नवी बाई, रोज खोकला. तुमच्या सगळ्यांच्या छात्या दाखवून घ्या एकदा. मी बिचाऱ्यांना रोज ज्येष्ठमध देते, पण गुण म्हणून नाही."

भाकरीवाली मटकन पायरीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून हलायला लागली. मी शिकलेही इंग्रजी शाळेतच, हसू दाबायचं शिक्षण आम्हाला होतं, तरी ते त्या दिवशी कामाला आलं नाही. मोठ्या बाईंना वाटलं ठसका लागला, त्यांनी आम्हालाही एकेक काडी दिली. मग मी त्यांना खोकल्याचं सांगितलं. कुरियरवाल्याचंही सांगितलं.

त्या हसल्या नाहीत. आत जाऊन खुर्चीवर बसल्या. "ठराव झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी," त्या म्हणाल्या, "मी अडीचलाच साडी नेसून बसले होते. तीन वाजले, साडेतीन वाजले. कोणी फिरकलं नाही. म्हटलं, म्हातारीला नको म्हणायची ही नवी रीत असेल. ठराव करायचा आणि बोलवायला यायचं नाही."

टीपॉयवर किल्ली होती, एका जुन्या लोकरीच्या गोंड्यात अडकवलेली. त्यांनी ती उचलली आणि मला सरळ विचारलं, "आता काय म्हणतेस? किल्ली द्या म्हणतेस, की चला म्हणतेस?"

खरं तर मी किल्ली मागायलाच गेले होते. माझ्या कागदावर तेच बसत होतं. किल्ली मिळाली असती तर काम सुटसुटीत, गुपचूप, तीन ते पाच झालं असतं. पण त्या किल्ली धरून होत्या ती मुठीत, आणि गाऊनच्या बाहीतून त्यांचा हात दिसत होता तो आधीपेक्षा बारीक.

"चला म्हणते," मी म्हणाले.

"मग साडी नेसते. पाच मिनिटं थांबा. आणि खोकू नका."

त्याची किंमत आम्ही रोज भरतोय. मोठ्या बाई आता तीनला हजर असतात आणि पाचपर्यंत बोलतात. मांजराची गोष्ट आम्हाला सगळ्यांना पाठ झालीय, मांजराच्या रंगासकट. आमटीत मीठ किती, वालाला वाफ किती, यावर त्यांचा शब्द शेवटचा, म्हणजे तो संपतच नाही. माझ्या वेळापत्रकात 'मोठ्या बाईंचं बोलणं' असा रकाना नव्हता, तो मला हिरव्या शाईने घालावा लागला. खजिनदारबाई आल्यागेल्याला सांगतात, "मी पहिल्यापासून म्हणत होते, दुपारी करा म्हणून." एका बाईला सवय इतकी जडलीय की ती अजून फाटकाशी गेली की खोकते, मग आपल्या खोकल्याला दचकून बेल वाजवते. आणि सभा मी आता पायरीवरच घेते. आधी सगळ्यांनी एक पाय चपलेत घालायचा, मग बोलायचं.

पण पहिल्या दिवसाचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी भाकरीवालीने थापायला सुरुवात केली तशी मोठ्या बाई तिच्या डोक्याशी उभ्या. "जाड होतेय गं."

"बाई, पातळ पायजे तं पेपर खा."

"माझ्या वेळी भाकरीतून पलीकडचं दिसायचं."

"तवा तुमचे डोळे चांगले हुते."

अशा थाटात डबे पाचला भरून झाले. ती हात पुसत, कोणाचा निरोपही न घेता, जीपच्या दिशेने धावली. मला बरं वाटलं. काम झालं, कागदाप्रमाणे झालं. मग मी केळी आणायला स्टेशनाकडे गेले, आणि बघते तर जीप उभी. आत ती, खिडकीशी, आणि दुसरे दोन जण. जीपवाला बॉनेटला टेकून तंबाखू मळत होता.

"अगं, अजून इथेच?"

"भरल्याबिगर सुटत नाय ना. पर आज बसाया गावलं बगा. खिडकी. नायतं मागं लटकायची."

"आणि भरली नाही तर?"

तिने डोंगराकडे बोट दाखवलं. ऊन उतरत होतं. मी माझं सगळं वेळापत्रक डोळ्यांपुढे आणलं. तीन रंग, दोन ठराव, एक बेल, आणि शेवटी सगळं येऊन थांबलं होतं ते या माणसाच्या तंबाखूपाशी. मी जीपवाल्याला म्हटलं, "ओरड की जरा."

"ओरडून घसा बसला, आजी."

घसा बसला! माझ्या पर्समध्ये मोठ्या बाईंनी दिलेली ज्येष्ठमधाची काडी होती, ती मी त्याला दिली. मग पिशवी खाली ठेवली आणि स्वतःच ओरडले. आयुष्यभर ज्या आवाजात मी 'सायलेन्स' म्हणत आले, त्याच आवाजात म्हटलं, "कशेळेऽऽ! कशेळे, कशेळे!" रिक्षावाले वळून बघायला लागले. बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या दोन बायका, एक पोत्यावाला, एक शाळेचे मास्तर, असे करत करत लोक आले. माझा आवाज ऐकून आले की मला बघायला आले, देव जाणे, पण चढले. जीपवाला म्हणाला, "आजी, रोज येत जा." भाकरीवाली खिडकीतून इतकी हसत होती की शेजारच्या बाईने तिला पाणी दिलं. जीप सुटली तेव्हा रस्त्यावर अजून सावल्या दिसत होत्या. म्हणजे ऊन होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी काही विचारलं नाही. भाकऱ्या निम्म्या झाल्यावर तिनेच सांगितलं. "पोरगी वाटंवर आली हुती. लांबूनच वळखली मला. म्हंती, आये, आज तुजं तोंड दिसतंय."

मोठ्या बाई आमटीची चव घेत होत्या. पळी तशीच हातात धरून म्हणाल्या, "आणि तोंड बघून घाबरली नाही?"

"घाबरली तं तुमच्याकडं धाडीन," ती भाकरी उलटत म्हणाली, "ज्येष्ठमध खायाला."